काचेतला चंद्र आणि वहिनीचा उपास

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. घरात विषय निघाला की मी उठून ओट्यावर जाऊन बसत असे. आमच्याकडे ती अशी सांगतात: थोरली वहिनी नगरला गेली, संकष्टीचा उपास मोडून हॉटेलात भजी खाऊन आली, म्हणून तिचं पहिलं मूल गेलं. नव्या सुनांना आजही हे बजावलं जातं. वहिनी आता नाही. मीही फार दिवस असेन असं वाटत नाही. खरं काय झालं ते फक्त मला माहीत आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा होता. मी नगरला कॉलेजात विज्ञान शिकत होतो. शनिवार-रविवारी एस.टी.ने मिरजगावला, घरी यायचो. माणसं चंद्रावर उतरल्याची बातमी गावात जुनी झाली होती, पण वहिनीची त्यावरची शंका संपली नव्हती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. त्यासाठीच ती संकष्टी धरायची, पाण्याखेरीज काही घ्यायची नाही, रात्री चंद्र दिसला की मगच जेवायची. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "भावजी, मानसं त्याच्यावर बूट घालून हिंडली म्हनता. मग मी हात जोडते ते कुनाला?"

नगरला एका शाळेच्या सभागृहात अवकाशाचं प्रदर्शन भरलं होतं, ते तिला दाखवायचं मी ठरवलं. आई आधी नको म्हणाली. डॉक्टरीणबाईलाही दाखवून आणतो म्हटल्यावर कशीबशी तयार झाली. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस नेमका संकष्टीचा निघाला.

दवाखान्यातच दुपार झाली. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, खायला घाला. तिथून आम्ही प्रदर्शनाला गेलो. पत्र्याचं उंच रॉकेट होतं, दिवा लावून फिरवलेली पृथ्वी होती. अंतराळवीराचा पोशाख टांगलेला होता. तो पाहून वहिनी म्हणाली, "ह्याच्यात मानूस शिजून निघंल की." बूट उमटलेल्या मातीचा फोटो मात्र तिने अगदी जवळ जाऊन, वाकून पाहिला.

शेवटी काचेच्या पेटीत चंद्रावरचा दगड होता. बायकांची रांग वेगळी आणि मागे होती. माझी पाळी आली तेव्हा माहिती देणारा मुलगा सांगत होता की हा नमुना आहे, प्लॅस्टरचा, खरा दगड इथे आणलेला नाही. ते मी नीट ऐकलं. वहिनी पोचली तोवर तो दुसऱ्या टेबलाकडे गेला होता. तिने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पेटीला हात जोडले. मागच्या दोघीतिघी हसल्या. मला लाज वाटली. मी तिला घाईने बाहेर आणलं.

स्टँडजवळच्या हॉटेलात भजी तळत होते. मी सकाळपासून उपाशी होतो आणि तिच्यासमोर एकट्याने खायचा संकोच वाटत होता. पुढे जे बोललो त्याचं एवढंच कारण. त्याहून मोठं कारण मी पुढे पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. तिने विचारलं, तो दगड खरंच तिथला का. मी हो म्हणालो.

"मग दर्शन झालंच म्हनायचं," ती अर्धवट थट्टेने बोलली.

"झालंच. वर यायची वाट कशाला बघता? हातभर अंतरावरून बघितलात. सोडा उपास."

"नक्की ना, भावजी? पोटात हाय, म्हनून इचारते."

"मी हेच शिकतोय ना वहिनी," मी म्हणालो.

तिने भजी खाल्ली. भूक लागली होती तिला, पुन्हा मागून घेतली. शेजारच्या टेबलावर आमच्या गावचा शिंपी चहा पीत होता. त्याने गावात गंमत म्हणून सांगितलं.

सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. आईने सगळ्यांसमोर तिला विचारलं, चतुर्थीला दिवसाउजेडी खाल्लंस का. वहिनी म्हणाली, "चंद्र बघून खाल्लं." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग आई माझ्याकडे वळली. "तू हुतास ना संगं? हिनं कुठला चंद्र बघितला रे?"

मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाई. मी तिकडं रॉकेट बघत हुतो."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. भजी खाल्ल्याने मूल जात नाही हे त्या घरात फक्त मला कळत होतं. डॉक्टरीणबाईचं बोलणंही मीच ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या नाहीत.

पुढे तिला दोन मुली झाल्या. संकष्टीला ती पाणीही घेईनाशी झाली. आभाळ आलेलं असलं की तशीच निजायची. मला मात्र ताटात गरम भाकरी वाढायची, पूर्वीसारखीच. तिने माझं नाव कधीच सांगितलं नाही, माझ्या भावालाही नाही.

गेल्या वर्षी ती नगरला मुलीकडे आजारी होती. मी मनाशी ठरवून गेलो. मुलगी चहा करायला आत गेली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, त्या चतुर्थीला..."

"बोला की, भावजी," ती म्हणाली आणि उशीवरून माझ्याकडे मान वळवली.

मी तिला कांद्याचा भाव सांगितला. मुलगी चहा घेऊन आली. संध्याकाळच्या एस.टी.ने मी परतलो. त्याच आठवड्यात वहिनी गेली.

म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, तो दगड खोटा होता आणि मला ते माहीत होतं. खायला मीच लावलं, आणि आईसमोर तुम्हाला एकटं सोडलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.