बाईंच्या जागेवर तांदळाचं पोतं

साहेबांच्या गाडीत दोनच माणसं मावतात, आणि त्यातलं दुसरं माणूस बसायला तयार नव्हतं. दुसरं माणूस म्हणजे साहेबांच्या बाई. मी कुसगावात त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. बंगल्याच्या खालच्या अंगाला, रस्त्यावर, आमच्या ह्यांचं गॅरेज आहे. त्यामुळे त्या गाडीचं सगळं मला दोन्हीकडून कळत होतं. वरून बोलणी, खालून ठोकाठोक.

गाडी जुनी, लाल, बुटकी, वर टप नसलेली. पळायच्या शर्यतीला असते तशी. साहेबांनी तरुणपणी घेतलेली. मागच्या पावसाळ्यात लोणावळ्याहून येताना एका वळणावर तिचं बूड सरकलं आणि ती गर्रकन फिरून आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाई दार उघडून उतरल्या, मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला आणि कोबीच्या गोण्यांबरोबर घरी आल्या. पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणजे मी ते साहेबांना सांगायचं होतं. मला ते काही जमलं नाही. साहेब रोज संध्याकाळी गाडी पुसून, चावी हातात घेऊन व्हरांड्यात बसत राहिले.

लग्नाच्या वाढदिवसाला दोघं दर वर्षी त्याच गाडीतून शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जात. या वर्षी बाईंनी जेवता जेवता, मी रिक्षानं जाईन, असं म्हटलं तेव्हा साहेबांना समजलं. त्यांचा घास हातातच राहिला. नंतर ते उठून थेट गॅरेजात गेले. मागची चाकं रुंद केली की बूड रस्त्याला धरून राहील, मग हिची भीती जाईल, असा त्यांचा हिशेब. वाढदिवसाच्या आत झालं पाहिजे, म्हणाले.

चाकं आली. आमच्या ह्यांनी ती बघितली आणि साहेबांच्या तोंडावरच म्हणाले, "ही मोटारीची न्हाईत, ट्रॅक्टरच्या पोराची हायेत."

बसवली तर टायर मडगार्डच्या कडेला टेकायला लागले. ती पत्र्याची कड आत दुमडायची तर काहीतरी गोल, लांब आणि टणक लाकूड पाहिजे होतं. हे घरी आले आणि माझं मुसळ घेऊन गेले. गावात कुणाचंही लग्न निघालं की हळद कुटायला तेच मुसळ नेतात. ते टायर आणि पत्रा यांच्यामध्ये घातलं. मग साहेब आणि हे गाडी हातभर पुढं ढकलायचे, हातभर मागं ओढायचे. मुसळ आत फिरायचं आणि कड दुमडत जायची. रंगाला तडा जाऊ नये म्हणून मी वरून कढत पाण्याचं फडकं फिरवत होते. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारत होत्या, गाडीला कुठं दुखतंय.

साहेब एकटे फिरून आले तर आवाज नाही. पण शेजारी माणूस बसल्यावर गाडी दबणार. बाई तर बसणार नाहीत, आणि त्यांचं वजन विचारायची कुणाची छाती नव्हती. शेवटी साहेब हळूच म्हणाले, पन्नासच्या पुढं असेल, पण हे कुणी ऐकलेलं नाही. म्हणून बंगल्याच्या कोठीतलं इंद्रायणी तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आणलं, बाईंच्या जागेवर बसवलं, त्याला पट्टा बांधला. पन्नासच्या पुढच्यासाठी वर वरवंटा ठेवला.

चहाच्या टपरीवरचे आबा साहेबांना म्हणाले, "साहेब, इंद्रायणी फिरवून आणली की मोकळी शिजती का?"

साहेबांना चेष्टा कळत नाही. त्यांनी गाडी थांबवून समजावून सांगितलं की हे पोतं म्हणजे आमची बायको आहे. दिवस मावळायच्या आत ते सगळ्या कुसगावात झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं ते बाईंनाही सांगितलं. तो वाढदिवसाचा दिवस होता.

पोत्यानं आवाज केला नव्हता. पण साहेबांचं समाधान होईना. पोतं गप बसतं, माणूस हलतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाईंच्याच अंगाची आहे, म्हणाले. मी नको म्हटलं, पण माझं नको कधी कुणाला ऐकूच जात नाही. पोतं उतरवलं आणि मला बसवलं.

गाडी इतकी अरुंद की गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याशी. शेजारी परका पुरुष, डोक्यावर नुसतं आभाळ. मी पदर तोंडापर्यंत ओढला आणि सरकता येईल तेवढी दाराकडं सरकले. उजवं वळण आलं आणि मागून आवाज आला, खर्रर्र. परत आलो, पुन्हा मुसळ घातलं. पुन्हा गेलो, खर्रर्र. पुन्हा मुसळ. आमचे हे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी घरून लोखंड खाऊन आले होते.

बाई व्हरांड्यातून बघत होत्या. भात टाकायचा होता आणि तांदूळ गॅरेजात होता, म्हणून त्या वाटी घेऊन खाली आल्या.

"ती बसलीय कुठं? ती लटकलीय. अशी लटकली तर बैलगाडीसुद्धा घासेल."

साहेब मला म्हणाले, जरा मध्ये सरक. मी सरकले, पण ते कुणाला दिसलं नाही.

"हो बाजूला," बाई म्हणाल्या. "कसं बसतात ते दाखवते."

मी उतरले. बाई बसल्या, पाठ ताठ केली, पट्टा लावला. "असं," माझ्याकडं बघून म्हणाल्या.

साहेबांनी आयुष्यात कधी कुठली गोष्ट घाईनं केलेली मी बघितलेली नाही. पण त्या वेळी मी मान हलवायच्या आत गाडी रस्त्याला लागली होती. बाईंच्या पायात घरातल्या सपाता आणि हातात रिकामी वाटी.

आम्ही दोघं पोत्याशेजारी उभे राहून ऐकत राहिलो. रस्ता उताराला वळत वळत जातो, आवाज वर येतो. पहिल्या वळणावर, खर्रर्र.

"बाई बी लटकल्या," हे म्हणाले.

दुसऱ्या वळणावर पुन्हा. बाईंचा आवाजही आला, पण शब्द कळले नाहीत. ह्यांनी मुसळ पुसून हातात धरलं. तिसरं वळण म्हणजे गाडी फिरली होती तेच. आम्ही थांबलो. काहीच आलं नाही. मी म्हटलं, लांब गेली असंल.

"न्हाई," हे म्हणाले. "बसल्या नीट."

दुपार कलल्यावर गाडी आली. बाईंचे केस पार विस्कटलेले आणि वाटीत शिरगावचा प्रसाद. त्यांनी आधी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"ह्यांना सांग," म्हणाल्या, "मागची चाकं बरी आहेत. पण आता पुढची फार काटकुळी दिसतात."

साहेब तिथंच उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. तरी मी त्यांना सांगितलं.