मळवलीच्या खाचरांत अळ्यांची साथ

पितृपक्षात छापखान्याला काम नसते. लग्नपत्रिका नाहीत, मुंजीच्या नाहीत. छपाईचे खिळे जुळवणारे आम्ही दोघे-तिघे जागेवर पेंगत असतो. अशातच मळवलीहून मामा आला. चहाची बशी खाली ठेवत आईला म्हणाला, "भाताला लष्करी अळी लागलीया, आक्का. पोटरीत आलंय, आता लोंबी फुटंल. लोंबी कुरतडली का वरीस गेलं आमचं."

आमच्या एका गिऱ्हाइकाने सांगितले होते, की लोणावळ्याला एक निवृत्त शेतकी मास्तर अळ्यांना रोग लावून मारतात. मामाला ते सांगितले, तर तो पहिल्यांदा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "सर्वपित्रीपत्तूर वाट बघतो. न्हाईतर हिरवंच कापून गुरांम्होरं टाकतो." मी दुसऱ्या दिवशी रजा मागितली.

लोणावळ्याला जायचे तर सकाळची गाडी धरावी आणि डाव्या हाताची खिडकी. कामशेत सुटले की विसापूर आणि लोहगड दिसू लागतात, ढगांच्या मर्जीप्रमाणे. छत्री जवळ हवीच. भाद्रपद सरत आला तरी तिथले धुके अंगावरचे कपडे ओले करते. टांगेवाला मास्तरांच्या वळवणपर्यंत चार आणे सांगतो, दोन आण्यांना येतो. गुळाची चिक्की परतताना घ्यावी, नाहीतर सर्दाळून हाताला चिकटते.

मास्तरांच्या घराची मागची खोली थंड आणि अंधारी होती. फळीवर काचेच्या बरण्या. एकीत गवताच्या काड्या होत्या आणि काड्यांच्या टोकांना काळ्या पडलेल्या अळ्या खाली डोके करून लोंबत होत्या. मास्तरांनी एकीला चिमट्याने नुसता स्पर्श केला, तर तिचे पाणी झाले. वास असा, की मी दाराशी गेलो.

"या रोगाच्या बीजाला इंग्रजीत व्हायरस म्हणतात," मास्तर म्हणाले. "सूक्ष्मदर्शकात बारीक दाणे दिसतात. खरे बीज त्या दाण्यांच्या आत असते, ते मात्र दिसत नाही. अळीने पानाबरोबर दाणा खाल्ला की संपले."

"आणि माणसाने खाल्ला तर?"

"अळीचा रोग अळीलाच. मी यात हात घालतो आणि जेवायला बसतो."

"हात धुऊन?"

"धुऊनच. पण ते वासामुळे!" असे म्हणून ते इतके मोठ्याने हसले, की आतून काकूंनी विचारले, काय झाले. मी तरीही आणखी एकदा विचारले. ते रागावले नाहीत. त्यांनी मेलेल्या अळ्या खलात घोटल्या, फडक्यातून गाळल्या आणि बाटलीला बूच लावून दिले. भरपूर पाण्यात मिसळायचे, उन्हात रोग मरतो म्हणून शिंपडायचे ते सूर्य कलल्यावर, आणि त्यात राख मुळीच घालायची नाही. राखेच्या क्षाराने ते दाणे विरघळतात. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "तुमच्या मामांच्या शेतात मेलेल्या अळ्या मला आणून द्या," एवढेच म्हणाले.

मळवली लोणावळ्याच्या अलीकडचेच स्टेशन. मी बाटली धोतराच्या घडीत गुंडाळून मांडीवर धरली होती. स्टेशनावरून भाजे गावाच्या वाटेने बांधाबांधाने चालत गेलो. संध्याकाळ होत होती आणि मामाच्या खाचरांतून बारीक पावसासारखा आवाज येत होता. आभाळ कोरडे होते. तो अळ्यांच्या खाण्याचा आवाज होता.

मामाची खाचरे तीन. वरची दोन मी आणि मामीने निरगुडीच्या डहाळ्यांनी शिंपून काढली. तिसऱ्याकडे वळलो, तर मामाचे तिथले काम उरकत आले होते आणि त्याच्या बादलीतले पाणी करडे दिसत होते.

"मामा, राख घातलीस?"

"मूठभर. जोर येतो औषिदाला."

"मास्तरांनी नको म्हणून सांगितलं होतं!"

"मास्तरानं राब भाजलाय का कदी? हितं राखंवर रोप उगवतं, राखंनंच कीड जाती. माज्या आज्यापास्नं हेच चालतंय."

मावळात भाताचे रोप करायच्या जागेवर शेण आणि पाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात. राखेवर मामाचा विश्वास तिथला आहे. तो मला कसा खोडता येणार? बाटली तर रिकामी झाली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. अळ्या खातच होत्या. शेजारचे तुकाआबा बांधावरून ओरडत, "काय रं, पुण्याचा पाव्हना अळ्यांना पानी पाजाया आलाय व्हय? च्या बी पाज की!" मामा हसे, पण विळ्याला धार लावून ठेवली होती. मामी नाचणीची भाकरी आणि माठाची भाजी वाढी, आणि मी अर्धी भाकरी टाकून बांधावर जाई.

सर्वपित्रीच्या सकाळी मामा विळा घेऊन निघाला. मी मागोमाग. वरच्या खाचराशी तो थांबला. पानापानाच्या शेंड्याला अळ्या चढून बसल्या होत्या आणि तिथेच उलट्या लोंबत होत्या, काळ्या, ढिल्या. दुसऱ्या खाचरातही तेच. लोंब्या शाबूत होत्या. मामा वाकला, कान दिला.

"काय ऐकतोस?"

"काईच ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "त्येच ऐकतोय."

खालचे खाचर मात्र अळ्यांनी कुरतडून काढले होते. तिथल्या अळ्या धडधाकट होत्या. मामी म्हणाली, "बगा, राखंचं पीक कसं जोरात आलंय!" मामाने विळा तिथे चालवला. दुपारी तुकाआबा मडके घेऊन आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "त्या सडक्या अळ्या जरा मलाबी दे रं." मामाने त्यांना ओंजळी भरभरून दिल्या आणि बजावले, "राख घालू नगंस!"

परतण्याआधी मी मास्तरांना त्यांच्या अळ्या पोहोचवल्या. ज्यांना त्यांची ती खोली जाऊन बघायची असेल त्यांनी भाद्रपदाच्या शेवटी जावे, आणि रुमाल न्यावा.

आता पुण्यात परत खिळे जुळवतो आहे. मामाकडे यंदा दोन खाचरांचे भात येईल. एकाचा हिरवा चारा गुरांनी खाल्ला. आमच्या गल्लीत साथ म्हटले की लोक दारे लावून घेतात, आणि सगळ्यांत आधी मी. पण त्या सहा-सात दिवसांत रोज पहाटे बांधावर उभा राहून मी हात जोडत होतो, की देवा, ही साथ पसरू दे.

आईला हे सांगितले. ती म्हणाली, बाहेर कुठे बोलू नकोस. म्हणून इथे लिहिले.