आटणीशेट आणि तोंड असलेलं सोनं

आटणीशेट सोन्याला हात लावायच्या आधी दाराआड बघायचे. दुकान त्यांचं, दार त्यांचं, आणि दाराआडची जागा जेमतेम मांजर बसेल एवढी. पण गिऱ्हाइकानं कनवटीची पुरचुंडी सोडली रे सोडली, की शेट उठणार, दार पुढं ओढणार, मागं वाकून बघणार आणि मग म्हणणार, "हां, काढा." गिऱ्हाईक म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी असली तरी.

जुन्नरच्या पेठेत त्यांचं खरं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. पूर्वज मारवाडातून आलेले, पण शेटांची बोली आमच्या माळ्यामराठ्यांइतकीच इथली. येईल ते सोनं आटवायचं, हा त्यांचा हट्ट. पुतळी असो, गिन्नी असो, कुणाच्या आजीची मोहोर असो. मुशीत घातली, फुंकणी मारली, की झाली लगड. म्हणून आटणीशेट.

"तोंड असलेलं सोनं घरात ठेवू नये," ते सांगायचे. "राजाचं असो न्हाईतर देवाचं. त्याला लोक ओळखत्यात. ओळखलं की इचारत्यात, कुठनं आलं? आन् त्या इचारण्यातच माणूस जातो."

त्यांचे वडील तसेच गेले होते. बंडाच्या दिवसांत डिंभ्याकडच्या कुणीतरी त्यांना एक जुनी मोहोर विकली. ती निघाली लुटीतली. मालकानं तिच्यावरचा चरा ओळखला, आणि शेटांच्या वडिलांना चावडीवर नेलं. परत आले ते बोलेनासे होऊन, आणि त्यातच गेले. वडिलांना नेलं तेव्हा लहानगे शेट दाराआड लपून बसले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दाराकडे पाहत.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. मॅट्रिक पास, डोक्याला रुमाल आणि डोक्यात हवा. माझे सासरे एका संस्थानात वैद्य होते. तिथले राजे गादीवर बसले तेव्हा समारंभाची आठवण म्हणून सोन्याच्या थोड्या मोहरा पाडल्या, त्यातली एक सासऱ्यांना मिळाली आणि त्यांनी ती लेकीला दिली. एका बाजूला फेटेवाले राजे, दुसऱ्या बाजूला सूर्य. पुण्याहून एक गोरा साहेब लेणी बघायला आला होता. त्याला दुर्मिळ नाण्यांचा नाद. मोहोर कशी आहे ते मी सांगितल्यावर तो म्हणाला, चांगली असेल तर सोन्याच्या भावाच्या तिप्पट देईन. पावसाळ्यानंतर पुन्हा येतो.

मी धावत शेटांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शिकवायला माझ्याकडे काहीतरी होतं.

"तिप्पट?" शेट म्हणाले. "कशापायी? सोनं तर तेवढंच."

"सोन्याचे नाहीत हो, छापाचे. अशी दुसरी मिळत नाही. हजारांत लगेच ओळखू येते, म्हणून."

शेटांची फुंकणी हातातच राहिली. "म्हंजी ज्याची मला धास्ती, त्याचंच त्यो पैसं देतो?"

मी हसलो. कचेरीच्या ओट्यावर पान खाता खाता हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. मोहोर केवढी, छाप कसला, बायको ती कुठं ठेवते, सगळं. माझ्याइतका सोयीस्कर माणूस चोरांना शोधूनही सापडला नसता.

मग प्लेग आला. घरात उंदीर पडला की लोक चुलीवरचं अन्न तसंच टाकून निघत. आम्हीही कुकडीपलीकडच्या माळावर कुडाची झोपडी बांधली. सकाळी उठल्यावर आधी काख चाचपायची, मग बायकोकडे बघायचं, तिनं मान हलवली की मग तोंड धुवायचं. शेजारच्या झोपडीत कुणी खोकलं की आमचं बोलणं थांबे. त्यातच बातमी आली, की आळे गावच्या वाटेवर एका म्हाताऱ्याला मारून त्याचं कडं नेलं. कड्यावर बापाचं नाव कोरलेलं होतं.

शेट भर उन्हात आमच्या झोपडीशी आले. बसलेही नाहीत.

"वहिनी, ती मोहोर द्या. आत्ता आटवतो."

"शेट, तिप्पट भाव..." मी सुरू केलं.

"रावसाहेब, नुसतं सोनं नेलं तर चोर चोरी करून जातो. ओळखीचं सोनं नेलं तर ओळखणाऱ्याला मागं ठेवत न्हाई. त्या म्हाताऱ्याचं काय झालं, ऐकलं न्हाई व्हय? तुमी तर गावभर दवंडी पिटली."

मी काही बोलायच्या आत बायकोनं मोहोर काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ह्यांचं ऐकू नका," ती म्हणाली.

प्लेगामुळे रविवारचा बाजारही माळावरच भरत होता. शेटांनी तिथंच शेगडी मांडली. मोहोर दोन बोटांत धरून चहूकडे फिरवली, "बघा रं, कारकुनाची मोहोर! आज आटली!" असं ओरडले, मूठ मुशीत उलटी केली, निखारे लोटले, फुंकणी मारली. मी अगदी समोर उभा होतो. बिनतोंडाची पिवळी लगड घेऊन घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही.

पुढं एका संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, तीन माणसं दारात आली. तोंडं उपरण्यात बांधलेली. एकाच्या हातात कुऱ्हाड.

"पावणं, ती छापाची मोहोर कुठं हाय?"

माझ्या तोंडून जो शब्द फुटला तो इंग्रजी होता. अर्ज लिहिताना जे लिहितो तेच मी म्हणू लागलो होतो, असं बायको नंतर सांगे. तिनं लगड काढून पुढं टाकली. "आटवली. साऱ्या बाजारानं बघितलं."

कुऱ्हाडवाल्यानं लगड उचलून तोलली. "आमी बी व्हतो की बाजारात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "लई बोलता राव तुमी," एवढं म्हणून तिघंही गेले.

मी सकाळपर्यंत दाराला पाठ लावून बसलो. उजाडताच भीती गेली आणि राग आला. मोहोर गेली, तिप्पट भाव गेला, आता सोनंही गेलं! मी तरातरा शेटांच्या झोपडीवर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. शेट उठले, झोपडीच्या दाराआड बघितलं, उशी उसवली आणि कापसातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं.

फेटेवाले राजे माझ्याकडे बघत होते.

"घ्या तुमचं संकट," शेट म्हणाले. "त्याला उशाला घेऊन डोळ्याला डोळा न्हाई लागला माझा."

"मग आटवलं ते काय?"

"सोनं," शेट म्हणाले आणि फुंकणी पुसू लागले.

ते सोनं कुणाचं, ते बायकोनं ओळखलं. शेठाणींच्या हातातले सोन्याचे बिलवर गेले होते, नुसत्या काचेच्या बांगड्या उरल्या होत्या.

पावसाळ्यानंतर साहेब आला. मोहोर त्याला विकून शेठाणींचे बिलवर करायचे, असं ठरलं होतं. साहेबासमोर मळकी मोहोर कशी न्यायची? म्हणून मी आदल्या दिवशी चिंच आणि राख घेऊन बसलो, दिवाळीला लक्ष्मीपूजनाची नाणी घासतो तशी ती घासली. राजांचं नाक जरा झिजलं, पण झळाळी अशी, की डोळे दिपावेत. साहेबानं भिंग लावलं, मग खाली ठेवलं.

"कुणी घासली?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

साहेबानं सोन्याचा भाव देऊ केला. एक पैही वर नाही.

तशीच मोहोर घेऊन मी शेटांकडे गेलो. पेठ पुन्हा उघडली होती. "शेट, आता हिची किंमत सोन्याएवढीच. आटवा आणि शेठाणींना बिलवर करा."

शेटांनी दाराआड बघितलं. मोहोर मुशीत ठेवली. फुंकणी तोंडाला लावली, फुंकायला गाल फुगवले, आणि तसेच थांबले. मग चिमट्यानं ती बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली.

"न्या," ते म्हणाले. "प्लेगात ह्यो राजा माझ्या उशाला झोपला. आता ओळखीचा झाला."

बिलवर मी पुढं पगारातून करून दिले. घडवले शेटांनीच, आणि घडणावळ माझ्याकडून रोख घेतली.

दुसऱ्या वर्षी प्लेग परत आला, तो शेटांना घेऊन गेला. मी त्यांच्या झोपडीपासून लांब, बाभळीशी उभा होतो. आतून त्यांनी मला ओळखलं. "रावसाहेब, तिथंच थांबा!" आवाज अगदी बारीक झाला होता. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "दाराआड बघत जावा."

मोहोर अजून माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला ती काढतो, न घासता. काढण्याआधी उठतो, दार पुढं ओढतो, मागं वाकून बघतो. नातवंडं हसतात. पूर्वी बघताना वाटायचं, तिथं कुणी नसू दे. हल्ली वाटतं, असावं.