कृष्णातच्या म्हशीला धाप लागत नाही

आकारामचा गोठा आणि कृष्णातचा गोठा यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही छपरापर्यंत पोचत नाही. वरच्या फटीतून पलीकडच्या म्हशीचा श्वास अलीकडे येतो. आकाराम तो ऐकत बसतो. स्वतःच्या म्हशीचं दूध काढतानाही त्याचा एक कान भिंतीकडे असतो.

तरुणपणी तो बिद्रीकडच्या एका गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा. नंतर कोल्हापुरात आला, गंगावेशीमागच्या या बोळात म्हैस बांधली, बनाबाईशी संसार केला, दुधाची गिऱ्हाइकं जोडली. यातल्या कशातही त्याला कुणाचा हेवा वाटला नव्हता. मग शेजारी कृष्णात राहायला आला. वयानं लहान, आकारामला तात्या म्हणणारा. त्यानं सोबत त्याची म्हैस आणली, मैना.

दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. पुढं मालक मोटारसायकलवर, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, आणि मागं म्हैस. दावं नाही. म्हैस फक्त त्याच्या हाकेवर येते, आणि मान त्या हाकेचा असतो. कृष्णात नुसतं ‘ये गं’ म्हणायचा. मैना सगळी पेठ तुडवून यायची आणि त्याच्याजवळ उभी राहायची, नाकपुड्या शांत, जणू पाणी पिऊन आली आहे. आकारामची काजळी दाव्यानं ओढूनही चौकापर्यंतच जायची. तिथं तिच्या कुशी भात्यासारख्या हलायला लागायच्या आणि बघे तोंड फिरवायचे.

‘दुसऱ्याच्या म्हशीच्या बरगड्या काय बघत बसतायसा?’ बनाबाई म्हणायची.

‘तिला धाप लागत न्हाय.’

‘तिला न्हाय लागत. तुमास्नी लागल्याली दिसतीया.’

कृष्णात रोज संध्याकाळी मैनेला पंचगंगेच्या घाटापर्यंत दुडक्या चालीनं नेऊन आणायचा. ते आकारामला दिसायचं, पण तो मिरवण्याचा सोस आहे असं त्याला वाटायचं. जोर खाण्यातून येतो एवढंच त्याला ठाऊक होतं. कृष्णात काहीतरी घालतो आहे, आणि सांगत नाही.

यंदा पाडव्याच्या पहाटे आकारामनं काजळीपुढं घमेलं ठेवलं. गव्हाचं पीठ, भरडा, वर फोडलेला गूळ. ते संपल्यावर दुसरं. काजळी खात होती आणि तो भिंतीच्या फटीकडे बघत होता.

ऊन अंगणात आलं तेव्हा शिंगं अर्धी रंगवून झाली होती. काजळीनं मान लांबवली. तिची डावी कूस ढोलासारखी वर आली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि श्वास नुसता गळ्यात वाजत होता. आत काही जात नव्हतं. बनाबाईनं डॉक्टरांना फोन लावला आणि मग नवऱ्याला न विचारता कृष्णातला हाक मारली.

कृष्णात मैनेला सजवून निघायच्या बेतात होता. तसाच आला. काजळीचे पुढचे पाय उंचवट्यावर चढवले, वारा सुटावा म्हणून तोंडात आडवी काठी दिली.

‘तात्या, काय खायाला घातलासा?’

‘रोजचंच.’

काजळीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. तेवढ्यात अनुजा आली, पेठेतली जनावरांची डॉक्टर. तिनं कुशीवर बोटं वाजवली आणि तोच प्रश्न विचारला.

‘काका, खरं सांगा. औषध त्यावर ठरणार.’

आकारामनं कृष्णातकडे बघितलं. मग म्हशीकडे.

‘गव्हाचं पीठ अन् गूळ. दोन घमेली. ह्याच्या मैनेला लागत न्हाय तशी धाप हिलाबी लागू नये म्हणून.’

कृष्णातनं काजळीचं तोंड धरलं, अनुजानं नळी आत सरकवली. सूं करून वारा सुटला, आंबट, दारूच्या भट्टीसारखा. मग नळीतूनच औषध दिलं. कूस हळूहळू खाली बसली.

हात धुताना अनुजा म्हणाली, ‘हिच्या पोटात आंबवणारे जंतू असतात. त्यांना हवा लागत नाही. ते चारा आंबवतात, त्याचा रस रक्तात उतरतो. पण त्या रसाचा जोर व्हायचा तर श्वासातली हवा भेटायला हवी. तुम्ही एकदम पीठ ओतलंत. आत नुसतं आंबलं, पोट फुगून छातीवर दाबलं. खाणं ढीगभर आणि हवा नाही.’

‘चुलवाणात चिपाडं कोंबल्यागत,’ आकाराम म्हणाला. ‘जाळ दबतो. धूर हुतो.’

‘तसंच. आणि मैनेची छाती पळून पळून तयार झालीय. ती घमेल्यातनं येत नाही. आता हिला चालवा, बसू देऊ नका. बसली तर परत फुगेल.’

आकारामनं दावं ओढलं. काजळीनं पाय रोवले. त्यानं पुन्हा ओढलं, गळा आवळला आणि मोकळा झालेला श्वास पुन्हा अडकला.

‘ढील द्या, काका,’ अनुजा म्हणाली.

कृष्णात चार पावलं पुढं गेला. ‘ये गं.’

काजळी निघाली. अर्धी रंगवलेली शिंगं खाली घालून, त्याच्या पाठीमागं. दाव्याचं टोक आकारामच्या हातात सैल लोंबत होतं. पेठेकडून पुंगळी काढलेल्या गाड्यांचा आवाज यायला लागला होता, आणि दारात मैना मोरपिसं लावून उभी होती.

‘तुझी येळ झाली,’ आकाराम म्हणाला. ‘जा की. मी बघतो हिचं.’

‘माझ्या मागनं येतीया न्हवं ही. मी गेलो तर थांबंल.’

आकारामनं दावं मुठीत घट्ट धरलं. एक झटका दिला असता तर ती थांबली असती. काजळीच्या बरगड्या वर आल्या, खाली गेल्या, पुन्हा वर आल्या.

‘चल मग,’ तो म्हणाला, आणि दोघांच्या मागून चालू लागला.