पूजेच्या कापडावर मांडलेले नट

नोकरीतल्या पुष्कळ घटना विसरलो, काही तर प्रयत्नपूर्वक विसरलो. पण नाशकात सातपूरला त्या गाडीच्या चाकाचा हब चोरीला गेला, तो आठवडा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. घरी ही गोष्ट सुरू केली की आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "त्या फिटरला उचलून आणलंत तेही सांगा." तेव्हा तेही सांगतो.

मी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळची हजेरी चालू असताना तिशीतली एक इंजिनीयर अर्ज घेऊन आली. वसाहतीत तिला सगळे ताई म्हणत. सातपूरचे दहा छोटे कारखाने गाडीचे वेगवेगळे भाग बनवायचे. माल जगभर जायचा, पण नाव लागायचं दुसऱ्याचं. ताईने या दहा जणांना एकत्र आणून एक गाडी बांधली होती. वाऱ्यासारखी पळणारी, जगात एकच. विकायला नव्हे, दाखवायला. तिच्यातल्या प्रत्येक भागावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. कामगार तिला 'जावई' म्हणायचे, कारण ती काही करायची नाही आणि दहा घरं तिच्या पुढेमागे धावायची.

शुक्रवारी परदेशी खरेदीदार येणार होते. सिन्नरकडच्या एका बंद रस्त्यावर ताई स्वतः गाडी चालवून दाखवणार होती. जमलं तर दहाही कारखान्यांना स्वतःच्या नावाने काम मिळणार होतं. आणि सोमवारी सकाळी पुढच्या डाव्या चाकाचा हब गायब. हब म्हणजे ज्याच्यावर चाक बसतं तो पोलादी भाग. तो नसेल तर जावई तीन पायांचा.

"आज सोमवार, साहेब," ताई म्हणाली. "हब मिळाला नाही तर शुक्रवारी मी त्यांना काय दाखवू?"

मी जागेवर जाऊन पंचनामा केला, फोटो काढून घेतले. दुपारपर्यंत खबर आली. कामावरून काढलेल्या एका फिटरने चहाच्या टपरीवर म्हटलं होतं, "बघतो हा जावई सासुरवाडीतून कसा निघतो ते." मला एवढं पुरे झालं. सिन्नरहून त्याला चौकशीला आणलं आणि टेबलावर हात आपटला. हात माझाच दुखला.

तो शांतपणे फोटो बघत होता. मग हसायलाच लागला.

"साहेब, ह्यो चोर नाय."

"का रे?"

"हे बघा. ब्रेकचा कॅलिपर तारेनं टांगलाय. का, तर पाइपाला ताण नको. जॅकखाली लाकडी ठोकळा वेगळा लावलाय, गाडी घसरू नये म्हणून. नट तर काढले तशे कापडावर ओळीनं मांडलेत. मी रागानं नेला असता तर नट गटारात मिळाले असते तुम्हाला."

"मग कोण?"

"जावयाचा कुनीतरी लय लाडका मानूस हाय. तुमची गाडी कोन बघतं ओ? गेटातून आत येताना लय खडखडत होती."

आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. मी फिटरला चहा पाजून सोडून दिला. जाता जाता त्याने जीपचा सैल झालेला सायलेन्सर आवळून दिला, हे सरकारी दप्तरात कुठेही नाही.

ते कापड मात्र डोक्यात राहिलं. जप्त करून आणलेलं कापड पुन्हा पाहिलं. लाल, जवळजवळ कोरं आणि एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचा डाग. खंडेनवमीला वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. पाटावर लाल कापड, देवीचा फोटो, हत्यारं. पूजेनंतरही आठवडाभर बऱ्याच ठिकाणी तो पाट तसाच कोपऱ्यात असतो.

मंगळवारी मी एकेका कारखान्यात सहज आल्यासारखा गेलो. पोलीस सहज येत नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी चहा आला. सात चहा झाले, सात पाट पाहिले, सातांवर कापड होतं. आठवा कारखाना भट्टीचा. तिथे पोलाद तापवून कडक करतात. यंत्रांवर झेंडूचे हार सुकलेले, देवीचा फोटो जागेवर, आणि पाट उघडा.

भट्टीवर साठीकडे झुकलेले, दिंडोरीकडचे एक गृहस्थ होते. तीस वर्षं तिथेच. सगळे त्यांना मामा म्हणत.

चौकशीचं शास्त्र असं की पहिला प्रश्न सोपा विचारावा. मी विचारलं, "मामा, पाटावरचं कापड कुठंय?"

मामांनी डब्याच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला हब काढून माझ्यापुढे ठेवला. मग खिशातून घडी घातलेला एक गोल कागद काढला. भट्टीजवळ असा कागद फिरत असतो आणि पेन त्यावर दिवसभराच्या उष्णतेची रेघ ओढतं.

"ही रेघ बघा, साहेब. नवमीला सकाळी खाली गेलीय. आपली आरती चालली होती."

हळूहळू उलगडा झाला. पोलादाला आधी पाणी देऊन कडक करतात. मग कमी आचेवर ठरलेला वेळ ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आधीचा हब बिघडला म्हणून घाईने दुसरा केला होता आणि पहाटपाळीने तो भट्टीत ठेवला होता. मामांना ते ठाऊक नव्हतं. वर्षातून एक दिवस यंत्राला विश्रांती, या रिवाजाने त्यांनी पूजेसाठी भट्टी बंद केली. नंतर दुसऱ्याने नग काढून पुढे पाठवला. घाईत तपासणीचा शिक्काही बसला. रविवारी मामांनी कागद पाहिला तेव्हा हब गाडीत बसलेला होता.

"सांगितलं का नाहीत?"

"तीस वर्षांत माझा एक नग परत आला नाय, साहेब. त्याच्यावर आमच्या कारखान्याचं नाव कोरलंय. वाटलं, गायब झाला तर दुसरा करतील. पोलिसात जातील असं कुठं वाटलं?" मग खाली बघत म्हणाले, "अन् ताई बसणार होती ओ त्या गाडीत."

ताईला बोलावलं. तिने हब ऐरणीवर ठेवला आणि घण मामांच्या हातात दिला. एका घावात त्याचे खडीसाखरेसारखे दोन तुकडे झाले. ताईने एक तुकडा उचलून मामांपुढे धरला.

"मामा, चोरी कसली केलीत," ती म्हणाली. "मला सांगायला लाज वाटली, आणि हब काढता आला नसता, मी मेले असते तर?"

मामा रडले. मी भिंतीवरच्या सुरक्षेच्या सूचना वाचत उभा राहिलो.

ताईने अर्ज मागे घेतला. गुन्हा अजून नोंदवला गेला नव्हता, हा माझा आळस की शहाणपणा, हे मी आजवर ठरवलेलं नाही. पुढचे दोन दिवस जे पाहिलं ते मात्र नोकरीत पुन्हा दिसलं नाही. एकाने पोलाद ठोकून दिलं, दुसऱ्याने कातलं, मामा भट्टीपासून हलले नाहीत. हब बसवायला ताईने त्याच फिटरला बोलावलं. मला बघून तो म्हणाला, "साहेब, आता फोटो तुम्ही काढून ठेवा."

शुक्रवारी सिन्नरच्या रस्त्यावर बंदोबस्ताला मी होतो. गाडी समोरून गेली तेव्हा टोपी धरावी लागली. एवढ्या वेगाने जाणारं आणि सातपुरात जन्मलेलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. छाती अशी फुगली की जणू गिअर मीच कातले होते.

ताईने गाडीशेजारी एक टेबल मांडलं होतं. त्यावर मोडका हब आणि दोन गोल कागद, एक खचलेल्या रेघेचा, एक अखंड. मामांनी हात जोडून नको म्हटलं होतं, तरी तिने ठेवलं. पाहुणे गाडीपेक्षा त्या टेबलाशी जास्त वेळ थांबले. ही चूक कुणी पकडली, असं त्यांनी विचारलं. ताईने मामांकडे बोट दाखवलं. मामा गांगरले आणि त्यांनी माझ्याकडे दाखवलं. पाहुण्यांनी माझा गणवेश नीट पाहून माझ्याशी हात मिळवला. नाशकात पोलाद पोलीस तपासतात, असाच त्यांचा समज झाला असणार. काम मात्र मिळालं, दहाही जणांना, स्वतःच्या नावाने.

तोवर मी चोर शोधताना काय गेलं ते बघायचो. त्यानंतर मागे काय आणि कसं ठेवलंय ते आधी बघू लागलो. माणूस तिथे सापडतो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मामांनी त्या हबाचा अर्धा तुकडा पाटावरच्या त्याच लाल कापडात गुंडाळून मला दिला. सौभाग्यवतींनी त्याचं लोणच्यावरचं दडपण केलंय. घरी पाहुणे आले की मी बरणी उघडून तो दाखवतो आणि बरणीखालचं लाल कापडही. बरणीतून काढलेला तो तुकडा सौभाग्यवतीही त्या कापडाशिवाय कुठे खाली ठेवत नाहीत.