तेक्लाबाईंच्या काट्याचं शून्य

ओरेस्त पिधिर्नी दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बटाटे सोलायला जात असे. बायका लांब टेबलांभोवती बसून बटाटा भरलेली, उकडायच्या करंज्यांसारखी पिरोही वळत, पुरुष कोपऱ्यात बादल्यांभोवती बसून बटाटे सोलत, आणि शुक्रवारी दुपारी सगळी पिरोही विकली जात. चर्चचं छप्पर गेली कित्येक वर्षं या पिरोह्यांच्या जिवावर उभं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तेक्ला वोरोबेत्स हॉलमध्ये आली ती एका पायाने चप् चप् असा आवाज करतच. तिने ॲप्रन बांधला नाही की हात धुतले नाहीत. थेट बटाट्यांच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली आणि उजव्या बुटाचा तळवा तिने ओरेस्तच्या नाकासमोर धरला.

"ओळखा कूम, काय आहे हे?"

तेक्लाच्या मुलीचा ओरेस्त धर्मपिता. त्यामुळे तीस वर्षं तो तिचा कूम आणि ती त्याची कुमा. या नात्यात एकमेकांना अहो-जाहो करायचं आणि हवं ते तोंडावर बोलायचं, अशी दुहेरी सोय असते.

"मध दिसतोय," ओरेस्त म्हणाला.

"मधच आहे. माझ्या मधघराच्या जमिनीवरचा. पिंप तोंडापर्यंत भरून मध खाली वाहायला लागला, आणि तुमचा काटा काय म्हणतो? दोनशे पासष्ट! दोनशे ऐंशी झाल्याशिवाय मी तोटी बंद करत नाही, पाच वर्षांचा नियम आहे माझा. आता बाकीचे पंधरा किलो पिंपात मावत नाहीत, ते काय मी घशात ओतू?"

पिरोही वळणारे सगळे हात थांबले.

"काटा चुकत नाही," ओरेस्त शांतपणे म्हणाला. "मे महिन्यात मी स्वतः सील केलाय."

"म्हणूनच तर म्हणते. उपाशी आहे तुमचा काटा, माझा मध खातो! आणि तुम्ही जन्मभर एक वाक्य सगळ्यांना ऐकवत आलात, ते या हॉलमधल्या खुर्च्यांनाही पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

म्हणून दाखवायची गरज नव्हती. 'माझ्या सीलचा काटा चुकला, त्या दिवशी ट्रकची किल्ली खुंटीला,' हे ओरेस्तचं वाक्य डॉफिन गावापासून उत्तरेकडच्या सगळ्या वस्त्यांमध्ये माहीत होतं. बाविसाव्या वर्षी तो काटे दुरुस्त करायला लागला, तेव्हा धान्याच्या कोठारांतले काटे लोखंडी पट्ट्यांचे आणि पात्यांच्या धारेवर तोललेले होते. पुढे ते गेले आणि भिंतीवर लाल आकड्यांच्या पेट्या आल्या. त्याच्या बरोबरीच्या कारागिरांनी पेट्यांना शिव्या घालून धंदा सोडला. ओरेस्तने एक वही आणली, प्रत्येक पेटीच्या पोटातल्या प्रत्येक सेटिंगचा क्रमांक तिच्यात सुवाच्य अक्षरांत उतरवला आणि पेट्यांशी बोलायला सुरुवात केली. काट्याजवळ गेला की आधी "काय म्हणतोस, बाळा?" असं विचारायचं, मगच स्क्रू काढायचे. प्रमाण वजनं तो हातमोजे घालून उचलत असे, कारण घामालाही वजन असतं. आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि विनिपेगला मुलीने बाराव्या मजल्यावर त्याच्यासाठी एक खोली रंगवून तयार ठेवली होती. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या बाराव्या मजल्याची खिडकी दिसत असे. किल्ली खुंटीला टांगली, की मुक्काम तिथेच.

"उद्या येतो," ओरेस्त म्हणाला आणि त्याने पुढचा बटाटा घेतला. त्या बटाट्याचा सालीबरोबर अर्धा गरही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वीस-वीस किलोंची पंधरा वजनं घेऊन तेक्लाच्या मधघरात गेला. काटा स्वच्छ पुसला. एक वजन ठेवलं, पेटीने वीस दाखवले. पाच ठेवली, शंभर. पंधराही ठेवली, बरोबर तीनशे. चार कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, उलट क्रमाने उतरवून पाहिलं. पेटी आज्ञाधारक शाळकरी मुलीसारखी घडाघडा बरोबर उत्तरं देत राहिली.

"बघा," तो म्हणाला.

"लोखंडाला घाबरते ती," तेक्ला म्हणाली. "मी लोखंड विकत नाही."

"मग मधातच काहीतरी असेल. फेस असला की मध हलका होतो, जागा जास्त—"

वाक्य पुरं झालं नाही. तेक्ला वोरोबेत्सच्या मधाला फेस आहे असं आजवर तिच्या नवऱ्यानेही म्हटलं नव्हतं, आणि तो बिचारा स्पष्टवक्ता माणूस होता.

"कूम," ती फार हळू आवाजात म्हणाली, "दार तिकडे आहे."

सोमवारी दुपारी तो पुन्हा गेला. या वेळी त्याने पिंपांवर संशय घेतला, आत फूटपट्टी घालून सहा पिंपं मोजली. सगळी सारखी निघाली. निघताना तेक्लाने सहज सांगितलं, "आज सकाळी पुन्हा सांडला. दुपारची दोन्ही पिंपं मात्र नीट भरली."

ओरेस्त ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला. "सांडतं ते नेहमी सकाळचंच पिंप असतं?"

"सकाळचं पहिलं. तेही दिवस थंड असला तरच. आता काय, पेटीला स्वेटर विणू?"

मंगळवारी सकाळी साडेसहाला तो हजर होता. गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. तेक्लाने रिकामं पिंप काट्यावर ठेवलं, शून्याचं बटण दाबलं, मधाच्या टाकीचा हीटर लावला आणि तोटी थोडीशीच उघडली. थंड मध सुतळीएवढ्या धारेने पिंपात उतरायला लागला.

"आता ऊब धरेपर्यंत हे असंच चालणार," ती म्हणाली. "मी कोंबड्यांना दाणे घालून येते. तुम्ही बसा आणि पेटीशी गप्पा मारा."

ओरेस्त उपड्या बादलीवर बसला. कॉफीचा थर्मास उघडला. पेटीवर ०.० होतं. दोन मिनिटं झाली, ०.०. चार मिनिटं झाली तरी ०.०. पेटी झोपली की काय, म्हणून त्याने काट्यावर बोटाने दाब दिला. १.२ आलं. बोट उचललं, ०.०. वीस किलोंचं वजन ठेवलं, वीस आले. उचललं, पुन्हा शून्य. धार मात्र एकसारखी पडत होती.

आठ मिनिटांनी त्याने टॉर्च लावून पिंपात पाहिलं. तळाशी चांगला चार बोटं मध होता. म्हणजे पंचवीस किलो तरी सहज. आणि भिंतीवर लाल अक्षरांत शून्य झळकत होतं.

ओरेस्तने कॉफीचा कप हळूच जमिनीवर ठेवला. त्याला मे महिना आठवला.

मे महिन्यात काट्यावर कधी मेणाचा तुकडा पडे, कधी ओल्या बुटाचं पाणी राही, आणि पेटी ०.२, ०.४ असं दाखवत बसे. तेक्लाला ते खपत नसे. "काही ठेवलेलं नसताना ही बया काय मोजते?" ती विचारी. तेव्हा ओरेस्तने मागची पट्टी काढून पेटीच्या पोटातली एक सेटिंग बदलली होती. या सेटिंगमुळे पेटी स्वतःच शून्य सांभाळते. वजन अगदी हळूहळू, कणाकणाने वाढत असेल, तर ती त्याला वजन मानत नाही. कचरा साठतोय असं समजून तेवढं सोडून देते आणि तिथून पुन्हा शून्य धरते. वहीत या सेटिंगपुढे त्याने स्वतःच्याच हाताने लिहिलं होतं, 'जपून.' आणि तेक्लाने पुन्हा तक्रार करू नये, म्हणून ती थेट वरच्या टोकाला नेऊन ठेवली होती.

लोखंड धपकन येतं, ते पेटीला कळतं. उन्हाळ्यात मधही भराभरा येतो, तोही कळतो. सप्टेंबरचा मध मात्र इतका सावकाश येत होता, की पेटी प्रामाणिकपणे त्याला कचरा समजत होती. फेसापेक्षाही मोठा अपमान होता तो.

बाहेरून कोंबड्यांचा कलकलाट आणि तेक्लाचं त्यांच्यावर खेकसणं ऐकू येत होतं. ओरेस्तने सीलची तार तोडली, पट्टी काढली, सेटिंग बंद केली, रिकाम्या पिंपाचं वजन वजा घालून आकडा जुळवला, पट्टी लावली, नवं सील ठोकलं. सगळं मिळून सहा मिनिटं. तेक्ला आत आली तेव्हा पेटीवरचा आकडा मुकाट्याने चढत होता.

"सापडलं?"

"थंडीचा परिणाम होता," ओरेस्त म्हणाला. "केलं ठीक."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी घरी जाताना त्याने ट्रकचा रेडिओ लावला नाही.

गुरुवारी हॉलमध्ये तो बटाट्यांच्या कोपऱ्यात बसतो न बसतो तोच तेक्ला आली. हातात झाकलेला वाडगा. आज तिने ॲप्रन बांधला होता.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "मागच्या गुरुवारी मी इथे उभी राहून कूमच्या काट्याला नावं ठेवली. तीन दिवस झाले, एक थेंब सांडलेला नाही. थंडीमुळे होत होतं. काटा बिचारा बरोबरच होता. माझं चुकलं." आणि तिने वाडगा ओरेस्तच्या मांडीवर ठेवला. आत आलुबुखाराची पिरोही, वर साय. ही पिरोही ती फक्त नाताळात करायची.

ओरेस्तने एक तोंडात घातलं. ते चावलं गेलं, पण घशाखाली उतरेना. त्याने तसंच गालात सरकवलं, वाडगा खुर्चीवर ठेवला आणि उभा राहिला.

"काटा बरोबर नव्हता," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"आधी गिळा," तेक्ला म्हणाली.

त्याने कसंबसं गिळलं. मग मे महिन्यापासूनची सगळी हकिकत सांगितली. मेणाचा तुकडा, सेटिंग, वहीतलं 'जपून', चार बोटं मध, कोंबड्या, सहा मिनिटं. काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर खिशातून ट्रकची किल्ली काढून त्याने टेबलावर, पिठात ठेवली.

मागच्या पातेल्यात पाणी तेवढं उकळत होतं.

तेक्लाने वाडगा त्याच्या खुर्चीवरून उचलून स्वतःकडे घेतला. "म्हणजे माझ्या मधाला फेस नव्हता."

"नव्हता."

"मोठ्याने म्हणा."

"नव्हता!"

"आणि मंगळवारी मला थंडीची गोष्ट सांगितलीत. कोंबड्यांसमोरसुद्धा लाज वाटली नाही?"

"वाटली. म्हणून तर उभा आहे."

ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात बटाट्यांच्या बादलीपलीकडून पेत्रो हावरिश खाकरला. त्याच्याही ऐंशी पेट्या मधमाश्या होत्या. "ओरेस्त, मला एक सांगा. वसंतात माझ्याकडे आला होतात, तेव्हा म्हणालात, 'तेक्लाबाईंच्या काट्याला एक झकास युक्ती केलीय, तुमच्याही करून देतो.' ती हीच का?"

ओरेस्तचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने वही काढली, पानं उलटली, ओठ हलवत मोजलं.

"किती?" तेक्लाने विचारलं.

"अकरा."

"अकरा घरं?"

"सगळ्यांना आवडली होती युक्ती," तो कसाबसा म्हणाला.

तेक्लाने किल्ली पिठातून उचलली, ॲप्रनला पुसली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली. "सगळ्या गावाला वेडं करायचं आणि मग बाराव्या मजल्यावर जाऊन बसायचं, असं चालणार नाही. आधी अकरा घरं. प्रत्येक घरी इथे सांगितलंत तसंच सगळं सांगायचं, थंडीबिंडी नाही. त्यानंतर खुंटी शोधू. आणि हात धुऊन बटाटे सोला, मागच्या गुरुवारसारखी सालं जाड काढू नका."

शुक्रवारी पहाटे तो पेत्रोच्या मधघरात पोचला. सगळी हकिकत ऐकूनही पेत्रो पेटीला पाठ लावून आडवा उभा राहिला.

"हात लावायचा नाही. पाच महिने झाले, असं स्वच्छ शून्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझा मध कुठे सांडतोय?"

"सांडत नसेल, पण तुम्ही पिंपात जास्त भरताय."

"सिद्ध करा."

ओरेस्तने एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. "तोटी थोडीशीच उघडा," तो म्हणाला, "आणि कॉफी ठेवा. वेळ लागेल."