घोयरा सरडा, मुळावरची गाठ आणि आमचे सर

माझ्यासारखीने येथे लिहिणे आगाऊपणाचे आहे, क्षमा असावी.

आज अमरावतीत आमच्या महाविद्यालयात भित्तिपत्रकांची स्पर्धा होती. शेजारच्या मुलीने मेळघाटातल्या, रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्याची रंगीत छायाचित्रे लावली होती. माझ्यापाशी सोयाबीनची मुळे आणि त्यांवरच्या गाठींत राहणारा, मातीतला रायझोबियम जिवाणू होता.

गेल्या वर्षी अशीच मुळे आमच्या सरांनी कचऱ्यात फेकली होती. "काहून वं, माती कॉलेजात आणून राहिली? मराठी मिडियमवाल्यायले एवढंच जमते." सगळा वर्ग हसला होता.

आज परीक्षक बाईंनी मुळावरची गाठ ब्लेडने कापली. आत गुलाबी रंग निघाला, म्हणजे जिवाणू पिकाला नत्र पुरवत होता. बाई खूश झाल्या. सर लगेच पुढे सरकले. "माह्याच हाताखाली तयार झाली पोरगी."

"हो बाई," मी म्हणाले. "सरांनी माझी मुळे कचऱ्यात फेकली. मी ती डब्यातून वेचली, तिथूनच हे काम सुरू झाले."

घोयरा आपला राग लगेच अंगावर दाखवतो. गाठ मात्र कोणी कापेपर्यंत आपला रंग आत राखून ठेवते. मी वर्षभर तेच केले.

मैत्रिणी म्हणतात, सरांची माफी माग. तुम्हीच सांगा, नेमकी कशाची मागू?

२८ ऑगस्ट २०१५, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे